न खेळणाऱ्याचा आकडा

शनिवार, ता. ९

प्रिय दादा,

नमस्कार. घरी सगळे बरे आहेत, आईचा गुडघा तेवढा कुरकुरतो. फोन तू उचलत नाहीस म्हणून पत्र लिहितोय. ते निदान उघडशील.

एक कोडं पडलं होतं. आपल्या गेमिंग पार्लरच्या मालकांनी स्पर्धेसाठी खेळाडूंचे गुण ठरवायची पद्धत बसवायचं काम माझ्यावर टाकलंय. तगड्याला हरवलं तर जास्त गुण, नवख्याला हरवलं तर थोडे, इथवर सोपं होतं. (वर्गमूळ माझं शाळेतच राहिलं होतं, ते आता परत शिकलो.) गाडी अडली ती कासवापाशी. तोच रे, प्रत्येक चालीला युगं लावणारा. पहिल्या नंबरावर पोचला आणि खेळायचाच बंद झाला. रोज येतो, खुर्ची अडवून बसतो आणि म्हणतो, "खेळलो तर हरेन ना!"

मालक भडकले. "जो खेळत नाही त्याचे दर आठवड्याला गुण काप. विषय संपला."

कापायला बसलो, तर कासवाच्या खालचंच नाव तुझं. हात चालेना. कदाचित तिकडे तू रोज खेळत असशील. कदाचित कीबोर्डला हातही लावला नसशील. मला ठाऊक नाही, एवढंच. मग कापायचं कशाच्या जोरावर?

दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. मग सुचलं. गुणांच्या आकड्याला हात लावायचाच नाही, त्याच्या दोन्ही बाजूंना अंदाजाचा पट्टा काढायचा, म्हणजे खरा जोर कुठून कुठवर असू शकतो ते दाखवायचं. खेळत राहिलं की पट्टा अरुंद, दूर राहिलं की रुंद. आणि क्रम लावायचा पट्ट्याच्या खालच्या टोकावरून. एक गुण न कापता कासव घसरलं आणि बोंबलत खेळायला बसलं! मालक म्हणाले, "पोरा, डोकं आहे तुला."

पण क्रमात तूही खाली गेलास.

आता सांगतो त्यावर चिडू नकोस. बाबा पार्लरमध्ये येतात. हो, ज्या खेळापायी तुला "चालता हो" म्हणाले, त्याच खेळाच्या क्रमवारीचा फलक बघायला. निमित्त माझ्या डब्याचं. काल फलकासमोर उभे राहून दोनदा चष्मा पुसला.

"हा खाली का गेला रे?"

"त्याचा आकडा तोच आहे, बाबा. फक्त आपल्याला आता नक्की माहीत नाही."

मग म्हणाले, "नक्की कळायला काय करावं लागतं?"

"त्याला येऊन एक डाव खेळावा लागतो."

"आणि हरला तर?"

"तरी पट्टा अरुंदच होतो."

डबा टेबलावर ठेवला. दारापर्यंत गेले आणि मागे न बघता म्हणाले, "कळव त्याला."

म्हणून कळवतोय. स्पर्धा पुढच्या रविवारी आहे. तुझं नाव मी परस्पर घातलेलं नाही, ते तुझं तू ठरव. पहिल्या फेरीत एक जागा मात्र कुणालाच दिलेली नाही. मालक विचारतात, मी काहीतरी हिशेब सांगून वेळ मारून नेतो.

तुझा आकडा होता तसाच ठेवून,

तुझा छोटू