पलंगापासून दारापर्यंतचं इंग्रजी

प्रिय थोरल्या,

मी ठणठणीत आहे. भूक लागते, गुडघे कुरकुरतात पण ऐकतात. तुला वाईट वाटेल, त्याला इलाज नाही. आज इतकी खूश आहे की दुसरी पास बाईनं एका बैठकीत एवढं लिहायला घेतलंय. अक्षराला हसायचं तर हस.

गेल्या महिन्यात ती इथल्या सरकारची तपासणीची बाई आली होती, मला एकटीला इथं राहू द्यायचं की वृद्धाश्रमात धाडायचं ते ठरवायला. ती इंग्रजीत विचारणार आणि मधे तू दुभाष्या, इस्त्रीचा शर्ट घालून. तू काय काय सांगितलंस मला कळलं नाही, पण गॅस हा शब्द कळला. तो कुठल्याही भाषेत गॅसच. तीनदा म्हणालास. दर वेळी ती माझ्याकडे अशी बघे, जशी मी घरादारासकट स्वतःला पेटवूनच घेणार आहे. त्याच शेगडीवर तुला तीस वर्षं गरम गरम वाढलं, एकदासुद्धा दूध उतू गेलं नाही. बरं, एकदा गेलं, पण तेव्हा तू जिन्यावरून गडगडला होतास म्हणून धावले होते. ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं.

तू गेलास तशी मी शेजारणीकडे गेले. ती लाँड्रीत इस्त्री करते, गिऱ्हाइकांशी बोलून बोलून इंग्रजी शिकली. म्हटलं, माझा रोजचा दिवस मला इंग्रजीत शिकव. वाचलेलं माझ्या डोक्यात राहत नाही, म्हणून ती म्हणाली, काकू, हातानं काम करा आणि तोंडानं बोला. महिनाभर तेच. चादरीची घडी घालताना आय मेक माय बेड. ब्रश हातात घेतला की आय ब्रश माय टीथ. दात माझे कवळीचे, पण इंग्रजीत तेवढं खपतं म्हणाली. आय टेक माय मेडिसिन गोळी तोंडात असताना म्हटलं आणि असा ठसका लागला की तपासणीची गरजच उरली नसती. आणि शेगडीचं बटण फिरवताना आय टर्न ऑफ द गॅस. ते मी दिवसातून सहा वेळा म्हणायचे, तुझा उद्धार करून.

बाई पुन्हा पुढच्या आठवड्यात यायची होती, तुला ठाऊकच आहे. शेजारणीनं फोन करून तिला कालच बोलावून घेतलं. तुला कळवलं नाही, मुद्दाम. बाईनं मला समोर खुर्चीत बसवलं, विचारलं आणि माझी दातखीळच बसली. बसून मी शिकले कुठं होते? मग उठले, नीट लावलेला पलंग विस्कटला, पुन्हा घडी घातली, तसं वाक्य आलं. तिथून न्हाणीत, तिथून गोळ्यांच्या डब्याकडे, बाई वही घेऊन मागे मागे. गॅसचं बटण तर दोनदा बंद करून दाखवलं. ती हसली. तुझ्यापुढे हसली होती का कधी?

फिरत फिरत दारापाशी आलो, तर तिनं विचारलं, भेटायला कोण येतं. एवढं मला समजलं. पण कुणी येत नाही, हे वाक्य शेजारणीनं दिलंच नव्हतं. तिचा मुलगा येतो ना दर रविवारी, तेच तिनं कडी काढता काढता शिकवलेलं. माझा हात कडीवर होता. तोंडातून निघून गेलं, माय सन कम्स एव्हरी संडे. बाईनं लिहून घेतलं, शिवाय त्याखाली रेघ मारली.

म्हणून हे पत्र, नाहीतर तुला कशाला लिहिते मी. शेजारणीनं कागद वाचून दाखवला. मी इथं राहू शकते असं लिहिलंय, पण का, तर मुलगा दर रविवारी येतो म्हणून. बाई एखाद्या रविवारी न सांगता येऊन बघणार आहे म्हणे. तेव्हा येत जा. मला तुझा पुळका आला असं समजू नकोस. तू माझ्याबद्दल खोटं बोललास ते मी पुसलं, मी तुझ्याबद्दल बोलले ते आता तू खरं कर. दहाला ये, स्वतःच्या किल्लीनं आत शिरू नकोस, कडी वाजव. जेवण मिळेल, गोड बोलणं मिळेलच असं नाही. आणि बाई आलीच तर जेवत राहा. बोलायला मी आहे.

तुझीच, आपल्याच घरात राहणारी,
आई