एकेचाळीस नंबरची मादी

३ सप्टेंबर, बुधवार

आसामहून परत तेच पत्र. ‘४१ नंबरच्या मादीचं शिंग कुठे सापडलं का?’ नाही हो, नाही! फेब्रुवारीत मारली तिला, शिंग कापून नेलं. तेव्हापासून कुठेही गेंड्याचं शिंग पकडलं आणि त्याचा कीस आमच्या तारनाक्याच्या लॅबमध्ये आला, की मी तो आधी ४१च्या डीएनएशी ताडून बघते. जुळत नाही.

तिच्या पिल्लाचा तो व्हिडिओ पुन्हा पाहिला. पाहायचा नव्हता. पिल्लू मेलेल्या आईला ढुशी देतंय. थोडं लांब जातं, वळून बघतं — येते का ती. आमची आई दिवाळीत गेली, तेव्हा मीही चहाचा कप घेऊन दोनदा हाक मारली होती.

८ सप्टेंबर, सोमवार

पितृपक्ष लागला. काचीगुड्याला बाबांकडे गेले. ते तर्पणाला बसले होते, आणि हातात खड्गपात्र!

गेंड्याच्या शिंगातून पाणी दिलं की पितर तृप्त होतात, असं आमच्याकडे चार पिढ्या चाललेलं. पणजोबांचं पात्र होतं. दोन वर्षांपूर्वी मीच हटून बसले आणि ते वनखात्यात जमा करायला लावलं. गेंड्यांवर काम करणाऱ्या बाईच्या घरात शिंग! पेपरात फोटो आला होता. मी हसतेय, बाबा खाली बघतायत.

‘हे कुठलं, बाबा?’

‘हिम्मतरावाच्या घरचं. जोडीतलं दुसरं. तू परेशान नको होऊ बेटा.’

बाबा कोर्टात पेशकार होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या खोट्या साक्षी ऐकल्या, पण स्वतःला काही खोटं बोलता येत नाही. नजर तिळांवर होती.

९ सप्टेंबर

जोडी होती हे मला कधीच कुणी सांगितलं नाही. आणि बाबांचे चुलतभाऊ हिम्मतरावकाका गेल्या वर्षीच वारले. विचारू कुणाला?

१२ सप्टेंबर, शुक्रवार

कामात लक्ष नाही. पात्र जुनं असेल तर प्रश्नच नाही — तेही जमा करू, बाबा चार दिवस बोलणार नाहीत, संपलं. नवं असेल तर तुरुंग. एकोणऐंशी वय! शेंगदाणा चावत नाही त्यांना.

डोळे मिटले की ते पिल्लू वळून बघतं. हल्ली माझ्याकडेच.

१५ सप्टेंबर, सोमवार

अविधवा नवमी. आईचा दिवस. बाबांनी त्याच पात्रातून तिला पाणी सोडलं. मी काही विचारलं नव्हतं, तरी म्हणाले, ‘माझ्या आईला शिंगातून दिलं. तुझ्या आईला काय तांब्याच्या पळीतून देऊ? तिनं काय गुन्हा केला व्हता?’

मग बाबा कावळ्याला घास ठेवायला गच्चीवर गेले. कावळा येईना. वरून बाबांच्या हाका ऐकू येत होत्या — काव, काव, ये रे बाबा! मी नखं घासायच्या कानशीनं पात्राच्या बुडाचा थोडासा कीस काढला, कागदात बांधला. पात्र अजून ओलं होतं. चोरासारखं वाटलं.

कावळा फार उशिरा आला. आईला काहीतरी सांगायचं होतं का?

१६ सप्टेंबर

तो कीस लॅबमध्ये बाकीच्या नमुन्यांत घातला. नाव लिहिलं नाही. देवा, कुणाचंही असू दे, ४१चं नको.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

आमच्या प्रमुख वंदनाताई धावतच आल्या. ‘गौरी! ४१ सापडली गं! कुठल्या छाप्यातला हा नमुना?’ सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

ते जुनं पात्र मी घरीच राहू दिलं असतं तर —

‘घरचा,’ मी म्हणाले.