लाल गाडीवर ठेवलेला पाट

११ एप्रिल ९९, रवि.
आज आबांनी गणपतीला आखलेला डोळा वाकडा आला. उजवा बरोबर, डावा कानाकडे सरकलेला. चाळीस वर्षं हमरापुरात डोळे आखतायत, बाप माझा, असं कधी झालं नाय. ते चहाला उठले तेव्हा मी गुपचूप पुसून परत आखला. परत येऊन त्यांनी मूर्तीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, दुसरी मूर्ती पुढ्यात ओढली. मला भीती वाटली.

१३ एप्रिल
पनवेलला डोळ्याच्या डॉक्टरकडे. काचबिंदू. गेलं ते येणार नाय, आहे ते थेंबांवर टिकवायचं. किती टिकेल? डॉक्टरने हात वर केले. कडेचं आधी जातं, मधलं शेवटी, म्हणाला.
परतताना एस.टी.त जिते फाटा गेला. मग आबा एकदम म्हणाले, "छप्पर नसलेल्या गाडीत बसायचं तेवढं राह्यलं बघ." हे मी लहानपणापासून ऐकतोय. मूर्त्या मचव्याने मुंबईला जायच्या तेव्हाची गोष्ट. बंदरावर कोणा साहेबाची दोन सीटची उघडी लाल गाडी उभी होती. आबा पोऱ्या होते, तिला हात लावला म्हणून थप्पड खाल्ली. तेव्हापासून दरवर्षी उरलेल्या शाडूची एक छोटी गाडी करतात, उंदीर बसवतात स्टेअरिंगला.
ठरवलं. घ्यायची. आबांना दिसतंय तोवर.

१४ एप्रिल
मंदाला सांगितलं. बायको माझी, ती आधी हसली. मग म्हणाली, टेम्पोसाठी ठेवलेल्यातून? दरवर्षी भाड्याच्या टेम्पोत आपल्या मूर्त्यांचे कान मोडतात, ते विसरलात? मी म्हटलं आबांसाठी आहे. ती म्हणाली, "आबांसाठी का तुमच्यासाठी?"
तिला काय कळतंय. (कळतं सगळं. म्हणून राग आला.)

१८ एप्रिल, अक्षय तृतीया
मुहूर्तावर मुंबईला जाऊन नवी बघून आलो. देशीच, फायबर बॉडी, दोन सीट, छत मागे पडतं. काय दिसते! शोरूमवाल्याचा डोळा चुकवून बॉनेटवर टिचकी मारली. फायबर आपल्याला कळतो, मोठ्या मंडळांच्या मूर्त्या त्याच्याच. काम साफ आहे. नवी म्हणजे कटकट नाय, गॅरंटी. पण घेतली तर टेम्पो विसरायचा, वर सोसायटीचं कर्ज. आणि मिळणार दिवाळीनंतर.
दिवाळीनंतर आबांना काय दिसेल?

२५ एप्रिल
रोह्याचा मेकॅनिक सलीमभाई, त्याने निरोप धाडला होता. धाटावच्या एका कंपनीत केळकर म्हणून मॅनेजर आहेत, बदली झालीय गुजरातला, त्यांच्याकडे जुनी विलायती दोन सीटची आहे. गेलो. लाल! छपराचं कापड फाटलेलं, सीटचा स्पंज वर आलेला, तरी नजर हटेना. आबांचीच गाडी ही.
सलीमभाईने खिशातून लोहचुंबक काढलं, बॉडीवर फिरवत गेला. डाव्या दाराला चिकटेना. माझं बोट आधीच सांगत होतं, आत पुट्टी आहे, वरून रंग. धाटावच्या केमिकलच्या हवेने खालचा पत्राही खाल्लाय. साहेब आत गेल्यावर सलीमभाई म्हणाला, "इंजिन जिवंत हाय, मालक. तळ गेलाय. पाऊस सोसायची नाय ती." किंमत मात्र अशी की उरलेल्यात सेकंडहँड टेम्पोही निघेल.
नवी: टिकेल, उशिरा. जुनी: आज, पण किती दिवस?
झोप उडाली.

२९ एप्रिल
धंद्यात लक्ष नाय. एका गौरीला एका हातात हिरव्या आणि दुसऱ्यात लाल बांगड्या रंगवल्या. मंदाने दाखवलं. म्हणे, गाडी डोक्यातनं उतरवा, नायतर चतुर्थीला गिऱ्हाइकं आपल्याला उतरवतील.

२ मे, रवि.
झालं. जुनीच. पावसाच्या आत आबा बसले पाहिजेत, बाकी पुढचं पुढे.
पैसे मुंबईच्या व्यापाऱ्याकडे अडकलेले, महिनाअखेर सुटायचे. म्हणून घरचा पाट घेऊन गेलो रोह्याला, मागे खडूने आबांचं नाव. गाडीच्या सीटवर पाट ठेवला, वर नारळ-सुपारी. साहेबांना म्हटलं, आमचा पाट ठेवला हं. ते हसून म्हणाले, "ठेवा, ठेवा."
आमच्याकडे कारखान्यात नावाचा पाट ठेवला की मूर्ती त्या घरची. पैसे उद्या देवोत, चतुर्थीला देवोत. लाखाचं गिऱ्हाईक आलं तरी दुसऱ्याच्या पाटावरची मूर्ती कोणी देत नाय. निश्चिंत होऊन आलो. एस.टी.त गाणी म्हणत होतो बहुतेक, कंडक्टर बघत होता.

१२ मे
आबा फळीला धडकले. वाळत ठेवलेल्या मूर्त्या खाली. कडेचं दिसत नाय आता. तुकडे गोळा करायला वाकले तर तेही चाचपडत. मी ओरडलो त्यांच्यावर, बसा म्हटलं एका जागी! मग कारखान्याच्या मागे जाऊन स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतली.
संध्याकाळी शेजाऱ्यांकडे नव्या गाडीवाल्याचा फोन. बुकिंग करताय का, पुढच्या आठवड्यापासून भाव वाढतोय. म्हटलं, नको, आमची ठरली.

१९ मे
उकाडा. रंग लवकर वाळतोय. आबांना अजून सांगितलं नाय. दारात उभी करून हाक मारायची, असं मनात आहे. व्यापाऱ्याचे पैसे आले.

२३ मे, रवि.
लिहायला हात चालत नाय.
पैसे कनवटीला लावून रोह्याला गेलो. गाडी पोर्चमध्ये, धुतलेली. सीटवर पाट नाय. बेल वाजवली तर साहेबांच्या मिसेस आल्या, आत गेल्या, आणि पाट आणून माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "हे तुमचं राहिलं होतं. घासून ठेवलाय मी." आबांचं नाव गेलेलं. नारळाची त्यांनी वडी केली असेल.
साहेबांनी मुंबईच्या एका पार्टीचा ॲडव्हान्स घेतलाय. पुढच्या रविवारी नेणार. मी म्हटलं, साहेब, मी पाट ठेवला होता. ते म्हणाले, अहो मला वाटलं पूजा केलीत, लोक करतात गाडीची. मी म्हटलं आमच्यात पाट म्हणजे शब्द. मग त्यांनी विचारलं, "कागदावर काही आहे का?"
नाय. कागदावर काय असणार. माझीच अक्कल! हमरापूरचा कायदा धाटावला लावायला गेलो.
पाट काखेत मारून स्टँडवर आलो. रडलो नाय. डोळ्यांत गाडीची धूळ गेली म्हणू.

२४ मे
नव्या गाडीवाल्याला फोन केला. भाव आत्ताच वाढलाय. गाडी मिळणार तर नाताळला.
साहेबाला शिव्या घालत दिवस काढला. जेवलो नाय. मंदाने ताट झाकून ठेवलं आणि समोर येऊन बसली. म्हणाली, "आबांना गाडीत बसायचं होतं. इकत घ्यायची तुमाला होती. रविवारपातुर गाडी तिथंच हाय ना? मग जा आन् इचारा, एक चक्कर देता का म्हणून."
मी म्हटलं, त्या माणसाच्या दारात परत? जीव गेला तरी नाय.
ती म्हणाली, मग सांगू नका आबांसाठी म्हणून.

२७ मे
गेलो. दारात उभा राहिलो. आबांच्या डोळ्यांचं सांगितलं, बंदरावरची थप्पड सांगितली. साहेबांनी ऐकून घेतलं. आत गेले, किल्ली आणून माझ्या हातात ठेवली. म्हणाले, शनिवारी या, तुम्हीच चालवा, मला ऑफिस आहे. माझ्याकडे नीट बघत नव्हते. वाईट माणूस नाय. तेच जड जातंय.

२९ मे, शनि.
आबांना रोह्याला नेलं, कशाला ते नाय सांगितलं. पोर्चमध्ये हात धरून गाडीच्या बॉनेटवर ठेवला. बोटं फिरवत दारापर्यंत गेले. डाव्या दाराला थांबले. "हितं पुट्टी हाय," म्हणाले. मग कळलं त्यांना ही कसली गाडी. चप्पल काढून बसले आत! मी म्हटलं अवो चप्पल घाला, ते म्हणाले ऱ्हाऊ दे.
धाटाववरून निघालो, नागोठण्याचा रस्ता. इंजिन खरंच जिवंत. कंपन्यांची शिफ्ट सुटलेली, सायकलवाले वळून बघत होते. माझा ऊर फुटायचा बाकी. शेजारी बघतो तर आबा डोळे मिटून बसलेले. पार घट्ट.
मला सुचेना. एवढा जीव टाकला, दिसतंय तोवर, दिसतंय तोवर, आणि हा माणूस डोळे मिटून! ओरडलो, "आबा, बघा ना, रस्ता बघा, गाडी बघा!"
"बघितलीय रं बंदरावर. तवा बसाया नव्हतं गावलं. आता बसू दे."
सबंध रस्ता तसेच. टोपी हातात, केस उडतायत, तोंडावर हसू. नागोठण्याला वळवली तरी उघडले नाहीत.
म्हणजे दिवाळीनंतरही चाललं असतं. नाताळलाही. आंधळे झाले असते तरी चाललं असतं. एवढी घाई कोणाची होती?
किल्ली दिली. साहेबांच्या मिसेसनी आबांना सरबत दिलं.

३१ मे
आबा सगळ्या आळीला सांगतायत. गाडीचा वेग रोज वाढतोय त्यांच्या तोंडी. मंदा टेम्पोवाल्याशी बोलून आलीय, पेणला एक बरा आहे म्हणे. हो म्हटलं. आतून अजून लालच दिसतंय.

२ जून
शेजाऱ्यांकडे फोन. केळकर साहेब. मुंबईच्या पार्टीने चुंबक लावून बघितलं आणि ॲडव्हान्स परत नेला. साहेब म्हणाले, "तुमचा पाट परत आणता का? यावेळी उचलायचा नाही कोणी, मी बघतो."
उद्या सांगतो म्हटलं. पळतच घरी आलो. पाट कोनाड्यात नव्हता.
आबांपुढे होता. वर शाडूचा गोळा, बैठक झालेली, पोट आकाराला आलेलं. मागे खडूने परत नाव घातलेलं, अक्षरं एकमेकांवर चढलीयत. विचारलं, कोणाची? "माझी. घरची. ह्याचं डोळं मीच आखनार. वाकडं आलं तर वाकडं. तू पुसायचं नाय."
म्हणजे पहिला पुसलेला त्यांना कळला होता.
ओली मूर्ती पाटावरून हलवत नाहीत. चतुर्थीपर्यंत तो पाट आता तिथला. मंदा मागे येऊन उभी, तिने शेजारणीकडून सगळं ऐकलेलं. माझ्याकडे बघितलं, मग माळ्याकडे. माळ्यावर अजून एक पाट आहे, तिच्या माहेरचा.
मग ती चहा टाकायला आत गेली. मी परत माळ्याकडे बघितलं. साहेबांना सकाळी फोन करायचाय.