हारिसचे हंस

८ मार्च
हारिसनं बेटावर सहा हंस सोडले! मला, थोरल्या चुलतभावाला, न विचारता. धरणाचं पाणी उतरलं की आमच्या डाळज गावासमोर दोन बेटं उघडी पडतात – अलीकडचं त्याचं, पलीकडचं माझं. दोन्हींवर सुरय पक्षी उघड्या मुरमात अंडी घालतात. ते बघायला येणाऱ्यांच्या जिवावर आमच्या होड्या चालतात. आणि हा म्हणतो, "लोकान्ला पांढरं कायतरी लागतंय, भाई."

१५ मार्च
त्याच्या होडीला रांग. माझ्या होडीत पुण्याचं एक म्हातारं जोडपं. त्यांना सुरय दाखवला – काळी टोपी, पिवळीजर्द चोच. बाई म्हणाल्या, "हंस कुठल्या बाजूला आहेत?"
जळतोय मी. लिहून टाकलं.

१६ मार्च
अस्मा म्हणाली, "त्याच्याकडं बघून तुमी कशाला वाळताय?" बायको माझी, बाजू त्याची! बगळा आणि करकोचा यांतला फरक कुणी शिकवला त्या गाढवाला? आता त्याच्याशी बोलणं बंद. त्याच्या बेटाकडं बघणंही बंद. होडी लांबून नेतो.

२२ मार्च
भिगवणच्या बाजारात कोंबड्यावाल्या रावजीकडं हंस दिसले. म्हणाला, "घिऊन जावा परवेजराव, एकाला नगं झाल्यात." सगळे घेतले, माझ्या बेटावर सोडले. सुरयांचं कसं व्हायचं, हे मनात आलं होतं. पण हारिसचं काही बिघडलं नाही, मग माझंच कसं बिघडेल?

२४ मार्च
होडीत जागा पुरेना! हारिस काठावर एकटा बसलाय. बसू दे.

२ एप्रिल
अकरा घरट्यांतली नऊ तुडवलेली. हंस माना ताणून सुरयांच्या अंगावर धावतात. सुरय वरच्या वर ओरडत फिरत होते. माझ्या डोळ्यांदेखत!

३ एप्रिल
बेटावर एकही सुरय नाही.

९ एप्रिल
हारिस स्वतःहून घरी आला. सुरय त्याच्या बेटावर बसलेत. त्याच्या हंसांनी पहिलं घरटं तुडवलं, त्याच दिवशी त्यानं ते रावजीला देऊन टाकले होते. तेच मी आणले! "सांगायला आलतो भाई, तुमी तोंड फिरवून गेला."
आता सुरय बघायचे तर त्याला विचारून जावं लागणार. आणि तो लगेच हो म्हणेल, हेच मला सहन होत नाही.