कुऱ्हाड आमच्या संघात

९ जून, सोमवार

नाही! हे होऊच शकत नाही.

दुपारी आमच्या स्टँडमधल्या सुताराचा फोन आला. मी शिलाई मशीनवर होते, पडद्याची दुमड अर्ध्यात. म्हणाला, "वहिनी, बसल्या आहात ना? मग उठू नका." आपला फुटबॉल क्लब कुऱ्हाडीला घेतोय म्हणे. बोलणी चालू आहेत.

कुऱ्हाड! ज्या माणसानं तीन वर्षांपूर्वी आमच्याच मैदानात, आमच्याच स्टँडसमोर माझ्या धाकट्या भावाचा पाय मोडला, तो आता आमचाच शर्ट घालून बचावाला उभा राहणार. हे नावही त्याला आम्हीच ठेवलं, त्याच दिवशी.

सुई मोडली. दुमड वाकडी गेली. गिऱ्हाईक बघेल तेव्हा बघेल.

धाकट्याला अजून कळलं नसावं.

११ जून

कळलंय.

त्याच्या सायकलच्या दुकानात गेले. चाक स्टँडवर चढवून एकेक आरा सरळ करत बसला होता. म्हटलं, "ऐकलंस का?" म्हणे, "हं." "मग?" "मग काय ताई, बचावात उभा राहणारा कुणीतरी हवाच होता त्यांना." एवढंच! वर मलाच विचारतो, तुझ्या सायकलचा मागचा ब्रेक घासतोय, कधी आणतेस?

हा पोरगा डाव्या बगलेनं चेंडू घेऊन सुटला की अख्खा स्टँड उभा राहायचा. आई घरी रेडिओ लावून बसायची आणि त्याचं नाव आलं की आवाज बारीक करायची, नजर लागू नये म्हणून. आता रेडिओ माळ्यावर गेलाय. आणि हा म्हणतो, कुणीतरी हवाच होता.

१४ जून, शनिवार

मैदानामागच्या कॅफेत बसलो नेहमीसारखे. सुतार, मास्तर, नवरा आणि मी. हंगाम संपला की आमचा दुसरा हंगाम सुरू होतो, कोण आला, कोण गेला. खरं तर मजेचे दिवस हे. एकही सामना हरायचा नसतो.

आधी नव्या गोलकीपरवर झालं. वय इतकं की सुतारानं लगेच त्याचं 'आजोबा' केलं. मास्तर म्हणाले, "अनुभवी आहे." सुतार म्हणाला, "अनुभव वाकत नाही ना मास्तर, कंबर वाकावी लागते!" मग तो नवा स्ट्रायकर, केसवाला. तो गोल कमी मारतो आणि केस जास्त सावरतो यावर सगळ्यांचं एकमत. मीही हसले. बऱ्याच दिवसांनी.

मग मास्तरांनी चष्मा पुसला. ते चष्मा पुसायला लागले की ओळखावं, आता नको तो विषय येणार.

"गेल्या हंगामात सगळ्यांत जास्त गोल आपण खाल्ले. घर सताड उघडं टाकून झोपलो आपण. आता कुलूप घ्यायला गेल्यावर कुलपाचा स्वभाव बघतात का कुणी?"

सुतार उसळलाच. "हे कुलूप आपल्याच माणसाच्या बोटांवर पडलंय, मास्तर!"

 मी चमचा कपात फिरवत राहिले. तेवढ्यात नवरा, जो कधी मध्ये पडत नाही तो म्हणाला, "पंचांनी कार्डसुद्धा काढलं नव्हतं तेव्हा."

मी बघतच राहिले त्याच्याकडे.

"मी फक्त म्हणतोय. कॅमेरा एकच होता, पलीकडच्या बाजूला. त्यात दोघांच्या पाठीच दिसतात. कोण उशिरा आला, कोणालाच सांगता येत नाही."

सांगता येत नाही! मला हाडाचा आवाज आला होता. चौथ्या रांगेत!

येताना तो पुढे, मी मागे. चाळीस पावलांचं अंतर असेल. दोघांनीही ते कमी केलं नाही.

२१ जून

झालं. सही झाली. फोटो आलाय: गळ्यात आमचा स्कार्फ, शेजारी अध्यक्ष दात काढून. तो मात्र हसत नाहीये. निदान तेवढी लाज आहे म्हणायची.

सुताराचा निरोप: "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. आता दुसऱ्याचे पाय मोडेल, आणि आपण टाळ्या वाजवायच्या?"

मी नाही वाजवणार.

२८ जून, शनिवार

क्लबनं प्रेक्षकांची सभा बोलावली होती. हॉल खच्चून भरलेला, पंखे नुसते आवाज करत होते. अध्यक्षांनी नव्या खेळाडूंचं कौतुक सुरू केलं. आजोबांना टाळ्या. केसवाल्याला शिट्ट्या. कुऱ्हाडीचं नाव आलं आणि मागून कुणीतरी ओरडलं, "लाज वाटते का?"

मी उठले.  माइक कुणी दिला आठवत नाही. विचारलं, "ज्याचा पाय गेला त्याला विचारलंत का तुम्ही? एका शब्दानं?"

 अध्यक्ष अगदी सौम्यपणे म्हणाले, "बाई, याचं उत्तर तुमच्या घरात आहे. घरी विचारा."

हॉलमध्ये कुजबुज. मी उभीच. खाली बसायचं असतं हेही सुचेना.

२९ जून

आईकडे गेले. धाकटा अंगणात कपडे वाळत घालत होता. आई आत होती म्हणून हळू आवाजात भांडलो. तसं भांडायला जास्त त्रास होतो.

अध्यक्ष स्वतः त्याच्या दुकानात आले होते, सहीच्या आधी. म्हणाले, तू नको म्हणालास तर विषय इथेच संपला. आणि हा म्हणाला, "घ्या."

"घ्या? म्हणजे काय घ्या!"

"म्हणजे घ्या. चांगला खेळतो."

"कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात ते हेच!"

तो हसला. "मी दांडा का आता?" मग हसणं गेलं. हातातला टॉवेल पिळत बसला, आधीच पिळून झालेला. म्हणाला, "ताई, तीन वर्षं मी या गावात नुसता पाय म्हणून फिरतोय. कुणी भेटलं की आधी खाली बघतं, मग तोंडाकडे. पाय कसा आहे? पाय कसा आहे? मी कसा आहे हे शेवटचं कधी विचारलंस तू?"

मी म्हटलं, हे काही उत्तर नाही.

म्हणाला, "मग नसेल."

आईनं आतून विचारलं, "काय चाललंय रे?" दोघं एकदमच म्हणालो, "काही नाही!"

५ जुलै

सुतार आला. स्टँडला मोठा बॅनर हवाय, पहिल्या सामन्यासाठी. शब्द ठरलेत. "आम्ही तो पाय विसरलो नाही."

धाकट्याचा चेहरा आठवला. पण त्याचं क्षमा करणं त्याच्यापाशी. माझा राग माझा आहे, तो काय त्याला विचारून येतो?

हो म्हटलं.

१० जुलै

जाड कॅनव्हास. काळं कापड, पांढरी अक्षरं, प्रत्येक अक्षर माझ्या उंचीचं. माझ्या शिवणाच्या दुकानात मावेना म्हणून फर्निचर बाहेर काढलं. 'पाय' हा दोन अक्षरी शब्द शिवायला पूर्ण सकाळ गेली. दुहेरी शिलाई घातली. वाऱ्यानं फाटू नये.

नवरा डबा द्यायला आला. उंबऱ्यातून बघितलं, वाचलं, डबा स्टुलावर ठेवला आणि गेला. काहीतरी बोलला असता तर बरं झालं असतं.

१३ जुलै

बॅनर नेला. सुतार आणि दोघेतिघे आले होते. खांद्यावर घेऊन निघाले, अजगर उचलावा तसा.

धाकट्याशी बोलणं नाही. माझा ब्रेक अजून घासतोच आहे.

२६ जुलै, शनिवार

आज खुला सराव होता. बघायचं नाही असं ठरवून गेले.

खेळतो चांगला. लिहायला जिवावर येतंय, पण खेळतो. धावत नाही फारसा. चेंडू कुठे पडणार ते आधीच कळल्यासारखा तिथे उभा असतो. मास्तर माझ्याकडे बघत नव्हते, मुद्दाम.

सराव संपल्यावर गेटपाशी गर्दी. आजोबा सह्या देत होते. केसवाला फोटो. कुऱ्हाड मागच्या दारानं गाडीकडे निघाला, आणि कुणीतरी अंडं फेकलं. त्याच्या पाठीवर फुटलं. मग दुसरं. ते चुकलं आणि गाडीच्या काचेवर पडलं. गाडीत बायको होती आणि मागच्या सीटवर छोटी मुलगी. मुलगी रडली नाही. काचेवरून ओघळणाऱ्या पिवळ्याकडे बघत होती फक्त. जणू हे तिला माहीतच होतं.

त्यानं मागे वळून पाहिलंही नाही. कोट काढला, त्या कोटानंच काच पुसली, आणि गाडीत बसला.

"पायाबद्दल!" असं ओरडलं कुणीतरी. माझ्या भावाचा पाय. आणि तो ओरडणारा मी जन्मात पाहिला नव्हता.

२ ऑगस्ट

सुताराच्या कारखान्यात गेले. रंधा चालू होता, भुशानं श्वास अडकत होता. म्हटलं, बॅनर परत द्या मला.

त्याला वाटलं काही दुरुस्ती आहे.

"नाही. लावायचा नाही तो."

त्यानं मशीन बंद केलं. "वहिनी, असं कसं? लोक तयार झालेत. बांबू कापलेत. शेजारच्या स्टँडलाही सांगितलंय."

"मी शिवलाय तो."

"शिवलात तुम्ही. पण आता तो स्टँडचा आहे." मग जरा मऊ होऊन, "तुमच्यासाठीच करतोय ना आम्ही."

 तो खरंच आमच्यासाठीच करतोय. पाय मोडला त्या दिवशी रुग्णवाहिकेमागे स्वतःची गाडी घालून आईला यानंच नेलं होतं.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "राग उसना देता येतो, परत मागता येत नाही." मला चिडायचं होतं. चिडता आलं नाही.

८ ऑगस्ट

उद्या सामना. धाकट्याला फोन केला. "घरीच राहा उद्या," म्हटलं. पलीकडे नुसती साखळीची खडखड. मग, "बरं."

९ ऑगस्ट, शनिवार

जसं घडलं तसं लिहिते.

संघ मैदानात आले आणि आमच्या स्टँडमधून बॅनर वर गेला. सावली पडली माझ्यावर. आतून अक्षरं उलटी दिसत होती. कुऱ्हाडीनं एकदा वर बघितलं, मग बुटाची नाडी बांधायला वाकला. उगाचच. नाडी बांधलेलीच होती.

चेंडू त्याच्याकडे गेला की हुर्यो. दर वेळी. आमच्याच माणसाला आमचाच हुर्यो! समोरचे लोक हसत होते. आजोबा हात जोडून स्टँडला गप्प बसायला सांगत होते. एकदा कुऱ्हाड हुर्योमध्ये गडबडला, चेंडू पायाखालून गेला. थोडक्यात वाचलो. तर लोकांना आनंद! आपण गोल खाता खाता वाचलो, आणि लोकांना आनंद झाला तो त्याच्या चुकीचा!

मास्तर ओरडले, "मूर्खांनो, कुठल्या बाजूचे आहात तुम्ही?" त्यांचा आवाज कोण ऐकणार?

आणि मग धाकटा. जिन्याच्या तोंडाशी. तीन वर्षांत या मैदानात पाऊल ठेवलं नव्हतं त्यानं. एकेक पायरी उतरत आला, कठड्याला धरून. आधी जवळच्यांनी ओळखलं, मग रांगेरांगेतून पसरलं ते, आणि लोक टाळ्या वाजवायला लागले. त्याच्यासाठी! सुतार रडत होता चक्क.

धाकटा माझ्याजवळच्या खुर्चीवर चढला. मी त्याचा शर्ट धरला, पडेल म्हणून. त्यानं हात वर केला. टाळ्या थांबल्या.

"चूक माझी होती!" ओरडला. आवाज फाटला. "ऐकताय का? चेंडू त्याचा होता! उशिरा पाय मी घातला! मी!"

मागून कुणी विचारलं, "काय म्हणाला?" पुढच्यांनी मागे सांगितलं. मागच्यांनी त्याच्या मागे. मला ते जाताना दिसत होतं, तोंडातोंडांतून.

सुतारानं बांबू सोडला. त्याची बाजू खाली आली, मग पलीकडच्यानंही सोडला. कॅनव्हास आमच्या डोक्यांवर पडला आणि थोडा वेळ आम्ही सगळे अंधारात.  माझ्या हातात धाकट्याचा शर्ट तसाच.

शून्य-शून्य. केसवाल्यानं दोन सोपे गोल घालवले. पण खाल्ला एकही नाही. शेवटी शेवटी कुऱ्हाडीनं आमच्या समोरच चेंडू काढून घेतला, स्वच्छ, समोरच्याला धक्काही न लागता. आधी कुणीच काही करेना. मग मास्तरांनी टाळी वाजवली. मग सुतारानं.

परत येताना धाकट्याला विचारलं, "तीन वर्षं बोलला का नाहीस?"

"कुणी विचारलंच नाही. सगळे पायाचंच विचारायचे."

"बरं. तू कसा आहेस?"

थांबला. "भूक लागलीय," म्हणाला.

१२ ऑगस्ट, मंगळवार

सकाळी कुऱ्हाड माझ्या दुकानात आला. एकटा. दारातून वाकून आत यावं लागलं, इतका उंच. सुतारानं काल त्याची माफी मागितली म्हणे, तेव्हा त्याला कळलं धाकटा स्टँडमध्ये काय बोलला ते.

उभ्या उभ्याच म्हणाला, "ते खरं नाही. उशिरा मी आलो होतो. चेंडू त्याच्याकडेच होता. मला दिसत होता, तरी मी गेलो." मग म्हणाला, "तो असं का बोलला?"

मी त्याला बसा म्हटलं नाही. जा म्हणायलाही तोंड उघडेना.

संध्याकाळी सुतारानं विचारलं, "कशाला आला होता तो?"

म्हटलं, "पडद्यांचं विचारायला."