तंबाखूत गुंडाळलेले दगड

आप्पा, दगडाला कीड लागत नाही. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली, तरी हे सांगायची माझी हौस फिटलेली नाही. आज सकाळी इथं अनगोळच्या घरात हिनं घोंगडी उन्हात टाकायला काढली, तर घडीघडीत तंबाखूची पानं. तुमच्याच हाताखाली शिकलेली सून! वास आला आणि मी तिच्यावर खेकसलो. ती म्हणाली, "कसर लागती म्हणून घातल्यात की. तुमास्नी काय झालं वरडायला?"

घोंगडीला कसर लागते, कबूल. पण मी मागवले होते दगड. कोगनोळीच्या मळ्यात विहिरीला सुरुंग लावला की काळ्या खडकाच्या पोकळीतून निघायचे, ते पांढरे स्फटिक. त्यांना झिओलाइट म्हणतात, हे मला पुण्याच्या कॉलेजात कळलं. त्या दगडाच्या अंगात डोळ्यांना न दिसणारी भोकं असतात. तापवून आतलं पाणी घालवलं की तो भुकेला होतो आणि सोडलेला वायू आत ओढून घेतो. किती घेतो आणि किती वेगानं, एवढंच मला मोजायचं होतं, माझी एम.एस्सी. त्यावर अडली होती. जो दगड समोर येईल ते पोटात घेतो, तोच तुम्ही तंबाखूत घालून पाठवलात! थरावर थर, वरून सुतळी. पेटी उघडली आणि सगळी प्रयोगशाळा शिंकली.

चार महिने मी हवा काढून घेतलेल्या काचेच्या नळीत दगड टांगत होतो आणि तो अमोनिया घेत होता रडतखडत. सर म्हणाले, महिन्याभरात नीट आकडे दाखव, नाहीतर गावी जा. मी तुम्हाला लिहिलं, की तुमच्या अडाणीपणानं माझं वाटोळं झालं. हेच शब्द. तुम्हाला वाचता येत नव्हतं, म्हणजे कुणीतरी ते मोठ्यानं वाचून दाखवले असणार.

उत्तर आलं नाही, तुम्हीच आलात. कॉलेजच्या पायरीवर नव्या धोतराचं गाठोडं छातीशी धरून उभे. "नव्या हिरीतलं हैत. कुणाचा हात लागू दिला न्हाय. आन् गाडीत बसल्यापास्नं चिमूटभर तंबाखू तोंडात टाकली न्हाय बघ, वास लागंल म्हणून."

"पण आधी घातलीतच कशाला?" मी सगळ्यांदेखत ओरडलो.

"आरं, लई मोलाचं हैत, जपून धाडा, म्हणलतास न्हवं तू?"

मी गाठोडं घेतलं आणि चहासुद्धा न विचारता तुम्हाला परतीच्या गाडीत बसवलं. पुढं तुम्ही तंबाखूच सोडलीत. भेटेल त्याला सांगायचात, माझ्यापायी पोराचं शिक्षाण बुडत हुतं. मला ते ऐकून इतकी चीड यायची की मी उठून बाहेर जायचो.

चीड कशाची, ते आता लिहितो. नव्या दगडांनीही तेच आकडे दिले. आठवड्यानं सापडलं: माझ्याच नळीच्या सांध्यातून बाहेरची हवा आत झिरपत होती आणि वायूची वाट अडवत होती. सांधा बदलला, तुमचे पहिले दगड पुन्हा तापवून टांगले, तर त्यांनीही भराभर वायू ओढला. तुमच्या तंबाखूनं काहीच बिघडलं नव्हतं. त्या दिवशी मी तुम्हाला कळवलं, की नवे दगड चांगले निघाले. आणि तुम्ही जाईपर्यंत तेच खरं राहू दिलं.