कानांचा भत्ता

चऱ्होली, ६ जानेवारी २०२५

ती. रंगरावमामांस,
तेजस्विनीचा शि. सा. न. वि. वि.

पत्रच लिहिते आहे, कारण फोनवर तुम्हाला माझं निम्मंच ऐकू येतं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तुम्ही नुसता अंगठा पाठवता.

आई अजून लोकांना सांगते की आमची तेजू संगणकावर बसते. खरं तर मी चाकणच्या कंपनीत लाइनच्या टोकाला बसून तयार गिअरबॉक्स ऐकते. मायक्रोफोन लावायचा, हेडफोन घालायचा आणि कुठे बारीकशी शिट्टी किंवा घरघर आली की लाल टॅग लावायचा. शॉपमध्ये आम्हा चौघांना कानवाले म्हणतात. पण शेजारच्या शेडमध्ये पत्रा ठोकणारे प्रेस चालतात आणि कंपनीचे हेडफोन स्पंजाचे, हलके. बाहेरचं सगळं आत येतं. मग आवाज वाढवावा लागतो. घरी आल्यावर जेवणं होईपर्यंत डाव्या कानात रातकिडा बोलत राहतो. हे आईला सांगू नका, ती उद्याच नोकरी सोडायला लावेल.

चिंचवडच्या दुकानात मी एक क्लोज्ड-बॅक हेडफोन घालून पाहिला. मागून पूर्ण बंद असतो, त्यामुळे बाहेरचा गोंगाट बाहेरच राहतो. पाच मिनिटं मला माझा श्वास ऐकू येत होता. किंमत चोवीस हजार. त्याच जातीचे पाच हजारांतही मिळतात. मग पाचपट कशासाठी द्यायचे, हे ठरत नाही. कंपनी या महिन्यापासून आम्हाला दरमहा अठराशे रुपये श्रवण भत्ता देणार आहे, म्हणजे वर्षभरात बहुतेक पैसे सुटतील. एकतीस तारखेपर्यंत कागदावर सही करायची आहे. हेडफोन घ्यावा की नको, तुम्ही सांगा.

मामींना नमस्कार. रागवायचं असेल तर पत्रातच रागवा, म्हणजे जपून ठेवता येईल.

आपली,
तेजू

सांगवी, ११ जानेवारी

चि. तेजस्विनीस,
अनेक आशीर्वाद. तुझे पत्र पावले, मामीने आधी वाचले.

चोवीस हजार हा आकडा मी चष्मा पुसून दोनदा वाचला. माझ्या लग्नात मांडव, आचारी आणि बँड मिळून एवढे लागले नव्हते, आणि तो बँड अख्ख्या गावाने ऐकला होता. हा तुझ्या एकटीच्या कानात वाजणार. आधी माणसाला गोंगाट फुकट द्यायचा आणि मग शांतता विकत द्यायची, हा धंदा मला पसंत नाही.

दुसरे असे की फिटरने पाना घरून आणावा, हे मी युनियनमध्ये असताना एक दिवस मान्य केले नाही. ज्याचे काम त्याचे हत्यार. हेडफोन हे तुझे हत्यार आहे. ते कंपनीने द्यावे, ही भीक नाही, हिशेबाची साधी गोष्ट आहे. तू स्वतः आणलास तर उद्या तुझ्या जागी येणाऱ्या पोरीलाही स्वतःच आणायला सांगतील. म्हणून माझे उत्तर नको असे आहे.

पण तुझ्या पत्रातल्या दोन ओळींनी मला झोप लागू दिली नाही. भत्ता कशाबद्दल आहे, ते कागदावरून जसेच्या तसे उतरवून पाठव. न मागता आलेला पैसा मला नेहमी जरा लंगडत आल्यासारखा वाटतो. आणि तो रातकिडा रविवारीही बोलतो का, तेही लिही. खरे लिही.

थंडी आहे, बसमध्ये खिडकीशी बसू नकोस. माया आहेच, ती पत्राने मोजू नये.

तुझा मामा,
रंगराव

चऱ्होली, १६ जानेवारी

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

रविवारीही बोलतो. आधी बोलत नव्हता, दिवाळीपासून बोलतो. काल कानांची तपासणी करून घेतली. डाव्या कानाच्या आलेखात उंच आवाजांच्या जागी खड्डा पडलाय. डॉक्टर म्हणाल्या, हा भरून येत नाही, वाढू द्यायचा की नाही एवढंच तुझ्या हातात आहे. मामा, बारीक शिट्टी नेमकी त्याच खड्ड्यात पडते. खड्डा वाढला तर मी कानवाली राहणार नाही.

कागदावर असं लिहिलंय: सदर भत्ता स्वीकारणारा कर्मचारी श्रवण साधने अथवा आवाजरोधक खोली यांची वेगळी मागणी करणार नाही. चौघांनी सही केली तरच भत्ता लागू. एकाने नाही केली तर कुणालाच नाही.

आता तुम्ही म्हणाल, सही करू नकोस. पण आमच्या चौघांतल्या धनेशने रावेतला फ्लॅट घेतलाय आणि अठराशे त्याने हप्त्यात धरूनही टाकलेत. तो मला म्हणाला की ताई, तुमच्या मामांनीच तर पहिला आवाज भत्ता आणला. त्याचे वडील अर्जुनराव तुमच्याच प्रेस शॉपमध्ये होते. तुम्ही गेटवर पिंपावर उभे राहून भाषण केलंत आणि महिन्याला नव्वद रुपये वाढवून आणलेत, हे त्यांच्या घरात अजून सांगतात. आईही सांगते. मग जे तुम्ही आणलंत ते वाघाचं काम, आणि आम्ही घेतलं की लंगडा पैसा, हे कसं? मला याचं उत्तर हवं आहे आणि ते गोड नसलं तरी चालेल.

मामींना सांगा, लाडू पोचले आणि संपले. उत्तर लवकर द्यावं.

आपली,
तेजू

सांगवी, २४ जानेवारी

चि. तेजस्विनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा प्रश्न बरोबर आहे. त्याचे उत्तर मी तीस वर्षे कोणाला दिले नाही, कारण कोणी विचारले नाही.

चौऱ्याण्णव साली कंपनीने प्रेस शॉपसाठी इअरमफ आणायचे ठरवले होते. मी पिंपावर चढलो आणि म्हणालो की कामगाराच्या कानांवर झापडे बांधून त्याला बैल करायचे कारस्थान आहे, आम्हाला रोख मोबदला हवा. सहाशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. नव्वद रुपये मिळाले. पण मग असे झाले की कोणी कान झाकले तर साहेब विचारी, तुला आवाज लागत नाही तर भत्ता कशाचा? म्हणून आपला भत्ता जाऊ नये यासाठी आम्हीच एकमेकांवर पाळत ठेवू लागलो. माझ्या शेजारच्या प्रेसवर लालमहंमद होता. त्याने जुन्या बाजारातून स्वतःच्या पैशाने इअरमफ आणले. मी ते भर शिफ्टमध्ये त्याच्या डोक्यावरून काढले आणि त्याला म्हणालो की भावा, तुझ्या दोन कानांपायी सहाशे घरांचे नुकसान करू नकोस. आज नमाजात त्याला इमामाचा आवाज ऐकू येत नाही. शेजारच्याचा खांदा वाकला की तो वाकतो.

हे वाघाचे काम नव्हते, तेजू. मी आमचे कान विकले, आणि भाव चांगला आला म्हणून हार घालून घेतले.

तुझे पत्र मी लालमहंमदला वाचायला दिले. तो म्हणाला, चल, दुकानात जाऊन बघू. आम्ही दोघे म्हणजे आंधळ्यांनी रंग निवडायचे काम, म्हणून त्याची नात अल्फिया बरोबर आली. तिलाही तुझ्यासारखाच चष्मा आहे, आणि त्यामुळेच एक गोष्ट कळली. पाच हजारांच्या हेडफोनची गादी कडक आहे. चष्म्याच्या काडीपाशी फट राहते आणि त्या फटीतून सगळे आत येते. अल्फियाने गाणे बारीक लावले आणि मी पाठीमागून बोलू लागलो. पाच हजारांच्यात तिने माझे जवळजवळ प्रत्येक वाक्य सांगितले. चोवीसवाल्याची गादी मऊ आहे, काडीभोवती बसते. मग मी गेटवरच्या आवाजात बोललो. दुकानातली गिऱ्हाइके वळली, मालक काउंटरमागून धावत आला, लालमहंमदलासुद्धा थोडे ऐकू गेले, आणि अल्फिया मात्र समोरची किंमत वाचत बसली होती. माझे भाषण कोणाला ऐकू आले नाही म्हणून मला आनंद झाला, असे प्रथमच घडले.

तेव्हा माझा पहिला सल्ला मी मागे घेतो. हेडफोन घे. हत्याराचे तत्त्व खरेच आहे, त्यासाठी भांडही. पण कानाला तत्त्व सिद्ध होईपर्यंत थांबता येत नाही. चष्मा नसता तर पाच हजारांचाही चालला असता, तुला चोवीसचाच लागेल. सहीचे मात्र मी सांगणार नाही. दुसऱ्यांच्या कानांबद्दल मी एकदा निर्णय घेतला आहे, तेवढा पुरे.

हे पत्र कोणाला दाखवायचे असेल तर दाखव. तुझ्या आईला, सुमनलासुद्धा.

तुझा मामा,
रंगराव

चऱ्होली, ३ फेब्रुवारी

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

भिशीच्या पैशातून हेडफोन घेतला. आवाज निम्म्यावर ठेवते आणि शिट्टी जास्त स्वच्छ ऐकू येते. रातकिडा आहे, पण वाढलेला नाही. आईला सगळं सांगितलं. ती अर्धा तास बोलली, मग तिनेच टोस्ट आणि चहा दिला.

मी सही केली नाही. धनेश तीन दिवस माझ्याशी बोलला नाही. चौथ्या दिवशी कँटीनमध्ये सगळ्यांसमोर म्हणाला की तेजूताईंना चोवीस हजारांचे कान परवडतात, आम्हाला घराचा हप्ताही परवडत नाही. मला फार लागलं, कारण ते खोटं नव्हतं. मी तुमचं पत्र त्याच्या डब्याच्या पिशवीत ठेवलं आणि वाचून झालं की तेवढं परत दे, असं सांगितलं.

त्याने ते घरी वडिलांना वाचायला दिलं. अर्जुनरावांना ऐकूच येत नाही, टीव्हीवर ते नुसती चित्रं बघतात. दुसऱ्या दिवशी धनेशने पत्र आणून दिलं आणि आपला कागद माझ्यासमोर टेबलावर ठेवला. सहीची जागा कोरी होती. मग बाकीच्या दोघांनीही पत्र वाचलं. एकतीसला संध्याकाळी चौघांचे कागद कोरेच परत गेले. सोबत हेडफोन आणि खोली यांची मागणी गेली, चौघांच्या सह्यांनी. अजून उत्तर नाही. भत्ता गेलाच. धनेश हसत नाही, पण माझ्या शेजारी बसतो. हेडफोन आम्ही चौघं पाळीपाळीने वापरतो.

अर्जुनरावांनी तुम्हाला एक निरोप दिलाय. त्यांनी पत्र दोनदा वाचलं आणि धनेशला म्हणाले की रंगरावाला कळव, त्या दिवशी पिंपावर तो एकटा होता, पण खाली हात आम्ही सहाशेंनी वर केले होते, एक माझाही होता.

हे तुमच्यापर्यंत लवकर पोचावं म्हणून पत्र आजच टाकते आहे. उरलेलं रविवारी प्रत्यक्ष येऊन सांगेन, समोर बसून, सावकाश.

आपली,
तेजू